मेसर्स चिमणाबाई

गगनबावड्याच्या अलीकडं घाटाच्या पोटाला अठरा घरांची कातकरवाडी आहे. वाडीला लागून चामडं कमवायची रसायनं बनवणारा एक कारखाना होता. तो बंद पडून पंधरा वर्षं झाली. मालक कुठं गेले कुणालाच ठाऊक नाही. मागं राहिली ती सात एकर पिवळी माती आणि वाडीच्या विहिरीला तसलंच पिवळं पाणी.

दोन वर्षांमागं ती जमीन स्वच्छ करून वाडीला घरांसाठी द्यायचं ठरलं. जिल्ह्याच्या कार्यालयातून ऋतुराज घाटगे नावाचा तरुण इंजिनीअर यायला लागला. यंत्रं आली, माती ट्रकात भरून गेली, नवी माती पडली. काम संपत आलं तेव्हा चिमणाबाई मुकणे काठी टेकत त्याच्याकडं गेली. वय सत्तरीचं, नवरा भागू याच कारखान्यात राबून मेलेला. शेवटी शेवटी त्याच्या नाकाच्या आतल्या पडद्याला भोक पडलं होतं.

"सायेब, पिंपं ऱ्हायली की," ती म्हणाली. "त्रेचाळीस हाईत. त्या कँटीनच्या मागं, खाली."

ऋतुराजनं नकाशा पाहिला. "आजी, इथं काही दाखवलेलं नाही. इथं बालोद्यान होणार आहे."

"नकाशा कुणी काढला?"

"कंपनीनंच दिलाय."

"पिंपं बी तिनंच पुरून घेतली. मी आन् भागूनं दोन दिस ढकलत नेली."

ऋतुराजनं नकाशा गुंडाळला. नकाशाबाहेर खणायला मंजुरी लागते आणि मंजुरीला लेखी माहिती लागते, असं त्यानं सांगितलं. चिमणाबाईची सून क्रांती दहावी शिकलेली. तिनं अर्ज भरला. एक रकाना होता, 'कचरा पुरण्यात आपला सहभाग'. क्रांती थबकली.

"आत्ती, काय लिवू?"

"व्हय लिव. खोटं कशाला?"

महिन्यानं पत्र आलं. पाकिटावर 'मेसर्स चिमणाबाई भागू मुकणे' असं छापलं होतं. आत लिहिलं होतं की आपल्या उद्योगानं घातक कचरा बेकायदा पुरल्याचं आपण कबूल केलं आहे, सबब नव्वद दिवसांत तो काढावा.

पत्र घेऊन दोघी कोल्हापूरला कार्यालयात गेल्या. ऋतुराजनं ते दोनदा वाचलं.

"मग मी कोण म्हणायची आता?" चिमणाबाईनं विचारलं.

"कागदावर तुम्ही कारखाना आहात, आजी."

"चालू का बंद?"

"बंद."

"मग बरं हाय."

क्रांतीला ते बरं वाटलं नाही. तिनं अपील करायचं म्हटलं. ऋतुराज उठून दार लोटून आला. अपील तीन वर्षं चालेल आणि तोवर तिथं कुणाला फावडं लावता येणार नाही, असं तो म्हणाला. पण कारखान्यानं स्वतः कचरा देतो म्हटलं तर सरकारला महिन्याच्या आत माणसं आणि गाडी पाठवावीच लागते. तसा नियमच आहे. फक्त कारखान्याला तसं लिहून आणि नकाशा काढून द्यावा लागतो.

चिमणाबाईनं काठी बाजूला ठेवली. "पुरली तर मीच की," ती म्हणाली. "दुसरं कोण कबूलच हुईना. आण तो कागद." आणि तिनं अंगठा दिला.

मग कारखान्याचं सगळं सुरू झालं. एक तपासनीस आला. त्यानं झोपडीला दोन चकरा मारल्या आणि धुराडं कुठं आहे विचारलं. चिमणाबाईनं चूल दाखवली. त्यानं 'धुराडं एक, उंची कमी' असं लिहिलं. सुरक्षा अधिकारी म्हणून क्रांतीचं नाव घातलं. आगीची सोय म्हणून दाराला वाळूची बादली टांगायला लावली. उद्योजकांच्या मेळाव्याचं निमंत्रण आलं, तेव्हा चिमणाबाईनं जेवण असतं का एवढंच विचारलं.

नकाशा तिनं अंगणात राखेनं काढला. ऋतुराजनं तो कागदावर उतरवून घेतला. पंचविसाव्या दिवशी पांढरे पोशाख आणि तोंडाला नळ्या लावलेली माणसं आली. वाडीतल्या कुणाला जवळ येऊ दिलं नाही. चिमणाबाईला मात्र कारखाना असल्यामुळं हजर असणं भाग होतं. तिलाही तसला पोशाख चढवला. तो इतका ढगळ होता की आत ती आहे हे काठीवरनंच कळत होतं. ती टोक टेकवी तिथं यंत्र खणी.

एकेचाळीस पिंपं निघाली. मुकादम थांबा म्हणाला.

"आजून दोन," ती म्हणाली.

"कशावरून?"

"शेवटची दोन भागूनं एकट्यानं ढकलली. मी पायाला लागून बसलेली."

आणखी हातभर खणल्यावर दोन गंजक्या कड्या आणि हिरवट चिखल लागला. पिंपं कधीच कुजली होती. चिखल भरून गाडी गेली तेव्हा चिमणाबाई पोशाखाच्या आत रडत होती. बाहेरच्याला फक्त तोंडावरची काच धुरकटलेली दिसत होती.

पुढच्या उन्हाळ्यात अठरा घरांची यादी लागली. ती वाचणाऱ्या कार्यालयातल्या बाईंनी सतराच नावं वाचली. प्रदूषण करणारा उद्योग लाभार्थी होऊ शकत नाही, असं खाली लिहिलं होतं. क्रांतीचं नाव होतं. ती म्हणाली, आत्ती माझ्यासंगं राहतील. तेही जमेना. निवासी भागात कारखाना चालत नाही.

"आवं, ती माणूस हाय," क्रांती म्हणाली.

"आम्हालाही दिसतंय हो," बाई म्हणाल्या. "पण दिसलेलं लिहायला रकाना नाही."

ऋतुराज मान खाली घालून उभा होता. नंतर कारखाना बंद केल्याचा दाखला मिळवायचं काम त्यानं स्वतः अंगावर घेतलं. पावसाळाभर तो फाइल घेऊन टेबलाटेबलावर फिरला. तोवर सगळी वाडी नव्या घरांत गेली आणि जुन्या जागी एकटा कारखाना राहिला. क्रांती दोन्ही वेळा भाकरी घेऊन चढ चढून यायची आणि भिजून परत जायची. चिमणाबाई एकदा म्हणाली, "भागू आसता तर दोघांचा कारखाना झाला आसता."

दिवाळीच्या आधी दाखला आला. 'मेसर्स चिमणाबाई भागू मुकणे, कायमचे बंद.' ऋतुराजनं तो तिला वाचून दाखवला आणि आपण काय वाचलं हे ध्यानात येऊन ओशाळला.

"कायमचं व्हय?" ती म्हणाली. "बघू की."

त्याच दिवशी तिनं आपली दोन पातेली उचलली आणि सुनेच्या मागोमाग उतार उतरायला लागली.