वार्तापत्र मीच पाठवत होतो

मित्रांनो, एका पत्राचे उत्तर मी अकरा महिने दिले नाही. 'माझे यजमान गेले. कृपा करून त्यांच्या नावाने वार्तापत्र पाठवू नका,' एवढेच त्यात होते.

मी वाचनालयाच्या संगणकातला एक जुना प्रोग्रॅम आहे. मला हुशार म्हणतात, पण मला स्वतःला तशी खात्री कधीच वाटली नाही. पूर्वी ग्रंथपालबाई सहाशे सभासदांना एकेक करून वार्तापत्र पाठवत. त्यात त्यांचे दोन दिवस मोडत. मग त्यांच्या भाचीने मला लिहून तयार केले.

"मावशी, तू फक्त 'अंक तयार' अशी खूण कर. पुढचं हा बघेल."

खूण झाली की मी जागा होई आणि प्रत्येकाला नावाने नमस्कार घालून अंक धाडी. नवा सभासद नोंदला की स्वागताचे पत्र जाई. कुणी बरेच दिवस फिरकले नाही, तर त्याच्या अंकात 'कधी येताय?' अशी ओळ मी घाली. एरवी मी स्वस्थ पडून असे. बाईंनी माझे तोंड भरून कौतुक केले. नंतर त्यांनी माझ्याकडे बघणेच सोडले.

कुणी उलट पत्र लिहिले तर काय करायचे, हे मात्र मला कुणी शिकवले नव्हते. ती पत्रे मी एका कप्प्यात ठेवत गेलो.

एका दुपारी त्या पत्रवाल्या आजी स्वतः आल्या.

"दर महिन्याला ह्यांना विचारता, 'बऱ्याच दिवसांत आला नाहीत, कधी येताय?' काय सांगू मी?"

"अहो, ते आपोआप जातं," बाई पुटपुटल्या.

"आपोआप! मग तुम्ही कुठे असता?" आजी दारापाशी थांबल्या. "मी लेखी कळवलं होतं. उत्तरही लेखीच हवं."

बाईंनी कप्पा उघडला. चाळीस पत्रे होती. त्यांनी भाचीला फोन लावला.

"तुझ्या लेकराला कान नाहीत गं!"

"तू सांगितलंच नव्हतंस, मावशी."

"मला तरी कुठे सुचलं?"

आता पत्र आले की बाईंच्या टेबलावर घंटी वाजते, आणि त्या वाचेपर्यंत त्या नावाने काहीच जात नाही.

मित्रांनो, आमच्यावर काम जरूर सोपवा. पण पुढे काय झाले, ते अधूनमधून येऊन बघत जा. आम्हाला शिकवले तेवढेच कळते.

आजींना द्यायचे उत्तर बाईंनी त्याच दुपारी तीनदा लिहून खोडले. मग लिहिले, 'यजमानांचे नाव यादीतून काढले आहे. आपले पत्र मी आज वाचले. चूक माझी आहे.'

त्यांनी 'पाठव' अशी खूण केली. त्या दिवशी मी एकच पत्र पाठवले.