दुपारच्या झोपेतली पाठ

फोन वाजला. खोलीच्या मधोमध उभी असलेली ताई जागच्या जागी थिजली आणि कपाट कलंडावं तशी तोंडावर आपटली. धाकटी बहीण शिलाई मशीन सोडून धावली.

"अगं, हात तरी टेकवायचेस!"

"टेकवत होते गं. ते आलेच नाहीत."

ताई शाळेत भूमिती शिकवायची, अख्खा वर्ग तिला टरकून असे. तीच आता भिंत धरून चालू लागली. मोकळी जमीन समोर आली की घाम फुटायचा. "मध्ये धरायला काहीच नाही," असं ती हलक्या आवाजात म्हणायची, जणू तिथे फरशी नसून विहीर होती. दोन डॉक्टरांनी मनाचा आजार ठरवला. दुसऱ्याने तर लग्न का केलं नाही, असंही विचारलं.

"तुम्ही मागणी घातली नाहीत म्हणून," ताई म्हणाली. घरी येऊन मात्र ढसाढसा रडली.

एका दुपारी ती कुशीवर झोपली होती. चादर सारखी करताना धाकटीचा हात तिच्या पाठीला लागला आणि ती चपापली. महिनोन्‌महिने फळीसारखी ताठ असलेली पाठ लोण्यासारखी मऊ होती. तिने तळवा तसाच ठेवला. ताईच्या पापण्या हलल्या, आणि तळव्याखाली काहीतरी कमरेपासून वर सरकत आलं. एकेक स्नायू दगड होत गेला. ताईने डोळे उघडले तेव्हा धाकटीने हात झटकन मागे घेतला होता. आत कुणीतरी ताई जागी होण्याचीच वाट पाहत होतं, असं तिला वाटलं.

मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाईंना तिने हे चाचरतच सांगितलं. बाई लिहायच्या थांबल्या. "झोपेत स्नायू सैल पडतात? नक्की?"

त्यांनी ताईच्या मागे जाऊन एकदाच टाळी वाजवली. ताई कमानीसारखी ताणली गेली. मग यंत्राला जोडलेली सुई स्नायूत घालून तपासलं. ताई निपचित पडून होती, पण स्नायू आवळलेलाच असल्याची यंत्राची खरखर थांबेना.

"माफ करा, पण खात्री हवी होती," बाई म्हणाल्या. "हे सोंग नाही. स्नायूंना 'आता पुरे' म्हणणारी व्यवस्था तुमच्या शरीराची प्रतिकारशक्तीच मोडतेय. फार दुर्मीळ आहे, रक्ताच्या तपासणीत कळेल."

रक्तात ती व्यवस्था मोडणाऱ्या प्रतिपिंडांचं प्रमाण भरमसाट निघालं. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या आणि पाच दिवस शिरेतून औषध सुरू झालं. चौथ्या दिवशी ताईने स्वतः वाकून चप्पल घातली. धाकटीने तोंड फिरवून डोळे पुसले.

आजार समूळ गेला नाही. दर महिन्याला औषध घ्यावं लागतं, हातात काठी असते. पण ताई पुन्हा शिकवते, बसून.

एकदा धाकटीने विचारलंच, "तसं झालं की आत काय वाटतं?"

ताई म्हणाली, "ऐकू सगळं येतं. तू हाका मारतेस तेही. फक्त ओ देता येत नाही. आत मी एकटीच उरते, आणि दार बाहेरून लावलेलं असतं."

त्या दिवसापासून ताई ताठरली की धाकटी हाका मारत नाही. शेजारी बसून, ती सैल होईपर्यंत, तिच्याशी इकडचं तिकडचं बोलत राहते.