उरलेला पंख

"ओढा बाई, ताणून ओढा. टेपला झोळ नको."

भिंतीवर रंगवलेल्या गिधाडाच्या डाव्या पंखाच्या टोकाशी टेप अंगठ्यानं दाबून ती शिडीवरून ओरडली. संग्रहालयाच्या बाई टेपचं दुसरं टोक घेऊन समोरच्या शिडीवर चढल्या होत्या आणि खाली बघायचं टाळत होत्या. गिधाड नऊ फूट भरलं. त्याच्याखालचा गरुड सातला जरासा कमी. त्याखालची घार पाच फूट. तिन्ही पक्षी काळ्या रंगात, पंख पसरून, एकाखाली एक. शेजारी प्रत्येकाचा पंजा, मोठा करून काढलेला. आणि अगदी तळाशी, जमिनीवर पाय टेकून, दोन्ही हात पसरलेला एक माणूस. मुलांनी त्याच्यापाशी उभं राहायचं, त्याच्या बोटांवरून नजर वर न्यायची, की कोण केवढं ते आपोआप कळतं, अशी बाईंची कल्पना होती.

बाई खाली उतरल्या आणि त्यांनी उगाचच माणसालाही टेप लावला. मग पुन्हा लावला.

"पेंटरीणबाई, हा राक्षस कुठून आणलात?"

"का? माणूस आहे साधा."

"उंची साडेपाच फूट आणि पसरलेल्या हातांचा वाव सव्वासहा? अहो, माणूस जेवढा उंच, जवळजवळ तेवढाच त्याचा वाव. ह्यानं हात खाली सोडले तर गुडघे खाजवता येतील त्याला."

ती हसली, कारण बाईंना हसणं अपेक्षित होतं. चूक तिच्या लक्षात आली होती. पक्षी तिनं तक्त्यावरून, चौकटी आखून काढले होते. जन्मभर तिनं दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या; तिच्या हातून रेघ कधी वाकडी जात नसे. माणसासाठी मात्र तिनं टेप हातातच घेतला नव्हता. त्याला काय मोजायचं, असं वाटलं होतं.

"पक्षी पिसापिसानं बरोबर आणि ज्याच्यावरून मोजायचं तोच चुकलेला," बाई म्हणाल्या. "परवा मुलं येणार. उद्या तेवढा दुरुस्त करून टाका."

तो माणूस तिचे बाबा होते.

बाबा संध्याकाळी तिला गच्चीवर नेत आणि आभाळातला पक्षी दाखवून हात पसरत. घार त्यांच्या एका वावात मावायची, वर थोडी बोटं उरायची. गरुडाला ते कमी पडत. मग ती त्यांच्या बोटाला बोट लावून आपला एक हात पसरायची. आणि गिधाडाला तिला दोन्ही हात पसरावे लागत. "माझे हात गिधाडाला पुरत नाहीत बुवा," बाबा म्हणायचे, "उरलेला पंख तू धर." ती उरलेला पंख धरून खांदे दुखेपर्यंत उभी राहायची. ती सात वर्षांची असताना ते एका सकाळी परगावी काम आहे म्हणून गेले, ते गेलेच. पत्र नाही, निरोप नाही. आईनं फोटो कुठे ठेवले की जाळले, हे विचारायची सोय नव्हती.

आता ती पन्नाशीला आली होती आणि अजून तिला बाबा हवे होते. रागावण्यासाठी नाही, काही विचारण्यासाठीही नाही. नुसते हवे होते. भिंतीवर का होईना, त्यांच्या मापाचे, त्यांच्यासारखे उभे. त्या भिंतीशी मुलं येऊन हात पसरणार होती. तिथे कुणी परका उभा करायची तिची तयारी नव्हती.

घरी आई वाटाण्याच्या शेंगा सोलत बसली होती.

"आई, बाबा किती उंच होते गं?"

शेंग मधेच थांबली. मग दाणे ताटलीत पडले.

"आठवत नाही."

"अंदाजे? माझ्याएवढे? जास्त?"

"मी काय त्यांची शिंपीण होते? हात धू आणि दोन शेंगा सोल. नुसती उभी राहून प्रश्न विचारतेयस."

विषय संपला. आईच्या घरात हा विषय नेहमी असाच संपत आला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं माणसावर पांढरा रंग फासला आणि तो वाळल्यावर बाईंनी दिलेल्या आकड्यांवरून पेन्सिलीनं नवा आखायला घेतला. सरासरी उंची, सरासरी वाव. आकृती बरोबर जमली आणि कुणाचीच नव्हती. तिनं ब्रश भिजवला आणि तसाच धरून बसली.

"चष्मा विसरलीस."

दारात आई उभी होती. हातात चष्म्याचं घर. चष्मा विसरायची लेकीची ही काही पहिली वेळ नव्हती, आणि आजवर तो घेऊन कुणी आलं नव्हतं.

आईनं मान वर करून भिंत बघितली. वेळ लावून बघितली.

"ह्यात थोरलं कोण?"

"सगळ्यात वरचं. गिधाड."

"आणि जोर?"

"जोर गरुडाचा. त्याचा पंजा एकदा आवळला की आवळला. गिधाडाला तसं काही धरून ठेवता येत नाही. त्याचे पाय चालायचे."

"एवढं धूड आणि पाय कोंबडीचे!" आई म्हणाली. मग मान तशीच वर ठेवून, "पण लांब जात असेल."

"खूप लांब जातं."

आईची नजर खाली, पेन्सिलीच्या माणसावर आली.

"हा कोण?"

"कुणी नाही. सरासरी माणूस."

"काल विचारत होतीस ते ह्याच्यासाठी?"

लेकीनं मान हलवली. आईनं चष्म्याचं घर तिच्या मांडीवर ठेवलं, चपला काढून बाजूला सारल्या आणि भिंतीकडे तोंड करून, त्या आकृतीला अगदी चिकटून उभी राहिली. कपाळ भिंतीला टेकलं. मग तिनं टाचा उचलल्या, थोड्याशाच.

"आता आखडलेय मी. तेव्हा एवढी होते. माझं कपाळ जिथं टेकलंय ना, तिथं सदऱ्याचं वरचं बटण. खूण कर लवकर, टाचा दुखतात."

तिनं खूण केली. बटणावरून मान मोजली, मानेवरून डोकं. सरासरी माणसापेक्षा चांगलं चार बोटं खाली आलं.

"म्हणजे बुटके होते गं."

"बुटके कसले? मला बेताचे होते." आईनं टाचा टेकल्या, पण भिंतीपासून हलली नाही. "उजवा खांदा उतरता काढ. अवजारांची पिशवी त्याच खांद्याला असायची."

तिनं खांदा उतरता केला. आणि रेघ तिथेच थांबली. ह्या उंचीला हात केवढे येतात, ते तिला आता आकड्यात ठाऊक होतं. गच्चीवर ज्यांत आभाळ मावायचं, ते हात हे नव्हते.

"आई, हात केवढे होते?"

"गिधाडाला पुरायचे नाहीत, म्हणायचे ना तुला?"

लेकीनं पेन्सिल खाली घेतली.

"गच्चीच्या जिन्यात उभी राहून ऐकायचे मी," आई भिंतीला म्हणाली. "मला पुरायचे."

मग कपाळ न उचलताच म्हणाली, "चष्मा लाव आता. आणि नीट काढ."