साच्यातला फुगा

आत्याच्या काँक्रीट ब्लॉकच्या कारखान्यात आज भाचीच्या ब्लॉकची परीक्षा होती. साच्यातून धड निघाला, तर कारखान्याच्या नव्या दर्शनी भिंतीत तिचेच ब्लॉक लागणार; नाही तर आत्याचे नेहमीचे, चौकोनी आणि रडके.

ब्लॉक हलका व्हावा म्हणून तिने भन्नाट शक्कल लढवली होती. काँक्रीट ओतताना त्याच्या पोटात चक्क फुगवलेला फुगा ठेवला होता!

मिस्त्रीकाकांनी साचा उघडला आणि ते खो खो हसत सुटले. ओल्या काँक्रीटमध्ये फुगा काय गप्प बसतोय? तो तरंगत वर आला होता आणि अर्धा बाहेर डोकावत होता, गुलाबी, निर्लज्ज.

"अगं, तुझ्या ब्लॉकला टेंगूळ आलंय!"

आत्याने कपाळाला हात लावला. "अतिशहाणे, त्याला खाली दाबून कोण धरणार होतं?"

भाचीने फुग्याला टाचणी टोचली. फट्! मागे उरली गुळगुळीत, गोल वाटी. काकांच्या मदतीने तिने ब्लॉक उन्हात उभा केला, तर वाटीत सावलीची कोर उतरली. थोडा वळवला, तशी कोर जाड झाली.

"आत्या, बघ ना! ऊन फिरेल तशा भिंतभर चंद्रकोरी फिरणार!"

आत्या बघतच राहिली. मग कडाडली, "मिस्त्री, दात काढणं पुरे! फुगे आणा, पोतंभर!"

"आणि ते फुगवणार कोण?"

दोघांनी वळून पाहिलं. तिने आधीच गाल फुगवले होते.