फळ्यावरचा नंबर

धक्क्यावरचा, बोट पाण्यात सोडायचा उतार ओला होता. सकाळपासून पावसाचा थेंब नव्हता.

“बोट गेली होती?” टेलरमास्तरांनी विचारलं.

“छे! धुतली जरा,” मिस्त्री मान वर न करता म्हणाला.

मास्तरांनी इंजिनाच्या झाकणावर हात ठेवला. चांगलंच गरम होतं. धुतल्यानं इंजिन तापतं होय?

बावीस वर्षं ते या बचावबोटीवर होते. पगार नाही, काही नाही. फोन वाजला की कात्री कापडातच टाकून धावायचं, समुद्रात अडकलेल्यांना ओढून आणायचं आणि परत येऊन काजं करायची. पण गेला महिनाभर फोनच नव्हता. समुद्र तर रोज खवळलेला. शिवाय हल्ली ते बोटघरात शिरले की बोलणं थांबायचं, कप्तानाला एकदम चहाची आठवण व्हायची. कुणीतरी आपल्याविरुद्ध कान भरतंय, हे मास्तरांच्या मनात पक्कं बसलं. संशय मिस्त्रीवरच होता.

तो बाहेर जाताच त्यांनी फळ्यावरची, फोन करून बोलवायच्या माणसांची यादी पाहिली. त्यांचं नाव जागेवर होतं. नावापुढचा फोन नंबर मात्र बदललेला. तो त्यांना तोंडपाठ होता. बायकोचा!

घरी ती शर्टाला बटण लावत होती.

“किती वेळा आला फोन?”

तिनं आढेवेढे घेतले नाहीत. “पाच.”

“आणि तू गप्प बसलीस?”

“गेल्या महिन्यात छातीत कळ आली, बोटीतच खाली बसलात, हे तुम्ही मला सांगितलंत? कप्तानभाऊजींकडून कळलं. मीच त्यांना नंबर बदलायला लावला.” तिनं दोरा दातानं तोडला. “लपवाछपवी कुणी सुरू केली?”

मास्तर तिच्या शेजारी बसले.

“त्या दिवशी पाण्यातला माणूस माझ्या हातून सुटत होता,” ते म्हणाले. “मिस्त्रीनं धरला, म्हणून वाचला.”

तिनं सुई खाली ठेवली.

दोन दिवसांनी, भर दुपारी, “अहो, बोट निघतेय,” असं तिनंच सांगितलं. मास्तर गेले. बोटीत त्यांच्या जागेवर शाळेतल्या बाई बसल्या होत्या. बाईंच्या जॅकेटचा पट्टा पिळला गेला होता. मास्तरांनी तो सरळ करून ओढला.

“घट्ट होतोय?”

“नाही.”

“मग अजून ओढतो.”

मिस्त्रीनं इंजिन सुरू केलं. बोट लाटेआड गेली तरी मास्तर गुडघाभर पाण्यात उभे होते. मग ते मागे वळले आणि काठावर काढलेल्या चपला शोधू लागले.