आंबट वर्ज्य

न्यू वेस्टमिन्स्टरमधल्या त्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर कॉरिडॉरभर बूट पसरले होते. तीस-चाळीस जोड तरी असतील. भिंतीवर सोसायटीची नोटीस होती की कॉरिडॉरमध्ये बूट ठेवू नयेत, आणि सगळ्यात मोठा ढीग त्या नोटिशीच्या बरोबर खाली होता. दोन हजार नऊचा मार्च होता, रविवार होता, आणि बाहेर व्हँकुव्हरचा तो न संपणारा पाऊस.

आत अरुणावहिनी सोफ्यावर बसल्या होत्या. डावा पाय समोरच्या स्टुलावर, नडगीवर पांढरं बँडेज. माणसं रांगेने येत होती, त्या पायाला हात लावून तो कपाळाला लावत होती. ही सगळी शिकलेली मंडळी. आठवडाभर दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधल्या चुका हुडकायच्या आणि रविवारी डोकं घरी ठेवून यायचं.

चमत्कार असा होता. वहिनी नऊ वर्षांच्या असताना देवगडला धक्क्यावर पडल्या होत्या आणि नडगी फाटली होती. ती जखम भरून साठ वर्षं झाली होती. व्रण तेवढा राहिला होता. फेब्रुवारीत एका सकाळी तो व्रण आपोआप उघडला आणि वाहू लागला. ठेच नाही, धक्का नाही, काही नाही. वहिनींनी घाबरून शेजारच्या डिम्पलला सांगितलं, डिम्पलने आपल्या योगाच्या वर्गात सांगितलं, आणि त्या वर्गातून शैलेंद्र गुरुजी आले.

हे गुरुजी पूर्वी सरे भागात घरं विकायचे. घरांचा बाजार बसला आणि यांना आत्मज्ञान झालं.

"माताजींचा हा घाव या जन्माचा नाही," गुरुजी सांगत होते. सिल्कचा कुर्ता, कानाला लटकलेला फोन. "हा मागच्या जन्मीचा भाला आहे. बॉडीला मेमरी असते, भाई! आत्म्याची हार्ड डिस्क कधी फॉरमॅट होत नाही."

"म्हणजे त्या युद्धात पडल्या होत्या का?" संजय नावाच्या एका इंजिनियरने विचारलं. "कुठल्या युद्धात?"

"डिटेल्स योग्य वेळी डाऊनलोड होतील."

संजयने मान डोलावली. ऑफिसात कोणी असं उत्तर दिलं असतं तर या माणसाने त्याची साल काढली असती.

गुरुजींनी वहिनींना एक्कावन्न दिवसांचं व्रत दिलं होतं. डॉक्टर नाही, औषध नाही. दूध-साबुदाणा आणि चहा एवढंच खायचं. हिरवं वर्ज्य, आंबट वर्ज्य. त्या दिवशी तिसावा दिवस होता. आणि वचन असं होतं की एक्कावन्नाव्या दिवशी अंगावरचे सगळे जुने घाव एकदम उघडतील आणि माताजी मुक्त होतील.

मी दारापाशीच उभा होतो. वहिनींनी मला पाहिलं आणि हसल्या. "या भावजी," म्हणाल्या.

त्या हसण्यात त्यांचे दात दिसले. हिरड्या सुजून जांभळ्या झाल्या होत्या आणि दातांच्या कडेला रक्त होतं. मी जवळ जाऊन वाकलो. बँडेजच्या खाली, पोटरीवर, प्रत्येक केसाच्या मुळाशी लाल ठिपका. हे मी पूर्वी कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. वाचलं मात्र होतं, आणि तेही त्याच आठवड्यात.

मी एकतीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनियर होतो. निवृत्त झाल्यावर, बायको गेल्यावर, दिवस कुठे घालवायचा म्हणून युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत जाऊन बसू लागलो. कंपनी सरकारच्या काळात आपल्या कोकणातले खलाशी विलायतेच्या जहाजांवर कसे जगले, कशाने मेले, कोणी त्यांची काळजी घेतली, यावर मला लिहायचं होतं. लिहून झालं की कोण वाचणार, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नसे.

तर एका जहाजी डॉक्टरच्या डायरीत एक नोंद होती. जहाज मुंबईहून लंडनला निघालेलं. वारा पडला आणि प्रवास लांबला. ताजं काही उरलं नाही. रत्नागिरीकडच्या एका म्हाताऱ्या खलाशाचा हात तरुणपणी कोयत्याने कापला होता, ती जखम पुन्हा उघडली. बरोबरच्या माणसांनी ठरवलं, याला बुडालेल्याचं भूत लागलंय. त्याला वेगळं बसवलं, त्याच्याबरोबर जेवायचं बंद केलं. डॉक्टरने पुढच्या बंदरातून लिंबं आणवली. पंधरा दिवसांत जखम भरली.

त्या रोगाचं नाव स्कर्व्ही. ताजी फळं आणि भाज्या मिळाल्या नाहीत की होतो. आपल्याला वाटतं, जखम एकदा भरली की काम संपलं. तसं नसतं. शरीर तिची डागडुजी आयुष्यभर करत राहतं. त्या डागडुजीला लागणारं क जीवनसत्त्व संपलं की जुनी शिवण उसवते, मग ती साठ वर्षांपूर्वीची का असेना. हिरड्या आधी जातात, मग जखमा उघडतात, आणि शेवटी माणूस उठून उभं राहता राहता कोसळतो. गुरुजींची 'मुक्ती' खरी होणार होती.

आणि मजा पाहा. गुरुजींच्या फोटोसमोर टोपलीभर संत्री, किवी, स्ट्रॉबेऱ्या रचल्या होत्या. भक्त आणत आणि प्रसाद म्हणून आपापल्या घरी परत नेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा! खोलीतल्या प्रत्येकाला ती फळं चालत होती. जिला त्यांची गरज होती तिला तेवढी बंदी.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर अनुयाला घेऊन गेलो. उल्हास, म्हणजे अरुणावहिनींचे यजमान, माझा मित्र; चार वर्षांपूर्वी गेला. अनुया त्याच्या पुण्यातल्या शेजाऱ्याची मुलगी, आता बर्नाबीत क्लिनिक चालवते. तिने हिरड्या पाहिल्या, पाय पाहिला, आणि माझ्याकडे वळली.

"काका, आय कान्ट बिलीव्ह धिस. टेक्स्टबुकात एक पॅराग्राफ वाचला होता. दोन हजार नऊ साली, कॅनडात, स्कर्व्ही?" मग वहिनींजवळ बसून तिने विचारलं, "मावशी, व्रताच्या आधी काय जेवायचात?"

"चहा. टोस्ट."

"आणि दुपारी?"

"कधी वरणभात. नाहीतर चहा-टोस्टच. नोव्हेंबरात बर्फावरून घसरले, तेव्हापासून ग्रोसरीला बस घेऊन जायची भीती वाटते. आणि एकटीसाठी कोण भाजी निवडत बसणार गं?"

अनुयाने रक्त घेतलं, गोळ्या लिहून दिल्या, बजावलं आणि क्लिनिक गाठलं. वहिनींनी चिठ्ठी घडी करून फ्रीजवर ठेवली. मी तिथेच बसून राहिलो.

"वहिनी, गोळ्या मी आणून देतो. आज व्रत सोडा."

"नको."

"अहो, जीव जाईल!"

"भावजी, मला वेडी समजू नका," त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "हे गेल्यावर तेराव्याला घर भरलं होतं. त्यानंतर चार वर्षांत या दारात कोण आलं? पोटचा मुलगा निमिष एडमंटनहून रविवारी फोन करतो, सात मिनिटं बोलतो. नातवाला फोन दिला तर 'हाय आजी, आय हॅव टू गो' म्हणतो. तुम्ही दिवाळीला एक फोन करता. आता रविवारी चाळीस माणसं येतात. माझ्या पायापाशी बसतात, कशा आहात विचारतात. हा पाय बरा झाला की येतील का?"

मी त्यांच्या घरापासून स्कायट्रेनने चार स्टेशनं दूर राहतो. चार वर्षांत मी किती वेळा आलो होतो? तीनदा. मला स्वतःचीच लाज वाटली, आणि ती मी बोलून दाखवली.

"माझं चुकलं, वहिनी."

मग मी त्यांना त्या खलाशाची गोष्ट सांगितली. पुढे विलायती सरकारने कायदा केला, तेही सांगितलं. लांबच्या प्रवासाला निघालेल्या व्यापारी जहाजावर लिंबाचा रस ठेवलाच पाहिजे आणि तो खलाशांना दिलाच पाहिजे. नुसता देऊन भागत नसे, कारण आंबट-कडू रस माणसं गुपचूप समुद्रात ओतून देत. म्हणून रोज दुपारी एका अधिकाऱ्याने समोर उभं राहायचं आणि प्रत्येकाने तो प्यायलेला पाहायचा.

"मी रोज बारा वाजता येईन," मी म्हणालो. "तुम्ही प्यायचं, मी पाहायचं. मग दोघांनी जेवायचं."

"किती दिवस?"

"तुम्ही हाकलून देईपर्यंत."

वहिनींनी फ्रीजवरची चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, "स्वयंपाक तुम्ही करणार? उल्हास सांगायचे, तुम्हाला पाणीसुद्धा करपवता येतं."

त्या दिवशी त्यांनी संत्र्याच्या रसाचा पहिला पेला घेतला. हिरड्यांना झोंबला तसे डोळे मिटले. अनुयाच्या गोळ्याही सुरू झाल्या. चार दिवसांत हिरड्यांचं रक्त थांबलं. आठवड्याने नडगीवरची जखम कडेने मिटू लागली. रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात क जीवनसत्त्व जवळजवळ शून्य. मी गुरुजींचा बुरखा त्याच रविवारी फाडायला निघालो होतो. वहिनींनी मला थांबवलं.

"बँडेज राहू द्या. अजून दोन रविवार माणसं येतील."

मी त्यांचं ऐकलं. मला राग आला होता, पण तो कोणाचा ते नीट कळत नव्हतं.

एक्कावन्नाव्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. कोणी व्हिडिओ कॅमेरा आणला होता. गुरुजींनी शंख वाजवला, फोन बंद केला, आणि घाव उघडण्याचा मुहूर्त जाहीर केला. वहिनींनी स्वतःच्या हाताने बँडेज सोडलं. खाली गुलाबी, कोरडी, बंद कातडी.

सगळे पुढे वाकून पाहू लागले. गुरुजींनाही ते अपेक्षित नव्हतं, पण घरं विकलेला माणूस तो, छप्पर गळकं निघालं तरी त्याला पावसाचा नजारा म्हणेल.

"पाहिलंत?" ते ओरडले. "घाव मिटला! मागच्या जन्माची फाइल क्लोज! माताजींनी व्रत काटेकोर पाळलं, त्याचं हे फळ. एक दाणा आंबट खाल्ला नाही!"

टाळ्या पडल्या. वहिनी उठल्या, हळूहळू स्वयंपाकघरात गेल्या आणि रिसायकलिंगची निळी पिशवी घेऊन आल्या. ती त्यांनी गुरुजींच्या पुढ्यात उलटी केली. गोठवलेल्या संत्र्याच्या रसाचे रिकामे डबे खडखडत सतरंजीभर पसरले.

"वीस दिवस रोज प्याले," वहिनी म्हणाल्या. "वर भोपळी मिरची, टोमॅटोचं सार आणि डॉक्टरच्या गोळ्या. एकतिसाव्या दिवशीच व्रत मोडलं मी."

गुरुजींचा चेहरा पडला. "आंबट? मग... मग हा घाव पुन्हा उघडेल! दुप्पट उघडेल!"

"एक मिनिट, गुरुजी," संजय पुढे आला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्यातला इंजिनियर जागा झाला होता. "व्रत पाळल्यामुळे बरा झाला, असं तुम्ही आत्ता म्हणालात. व्रत तर पाळलंच नाही. मग बरा कशाने झाला?"

"श्रद्धा हवी, भाई. लॉजिक इथे चालत नाही."

"संत्री चालतात पण," मागून अनुया म्हणाली. तिने रिपोर्ट वाचून दाखवला, रोग समजावला आणि जरबेने विचारलं, "अजून तीन आठवडे दूध-साबुदाण्यावर ठेवलं असतं तर मावशी आज इथे नसत्या. याची जबाबदारी कोण घेणार होतं?"

गुरुजींना एकाएकी दुसऱ्या एका ठिकाणची अपॉइंटमेंट आठवली. बुटांच्या ढिगात त्यांना आपले बूट सापडेनात, तेव्हा कोणाचे तरी घालून गेले.

माणसंही पांगली. काही ओशाळून, काही कॅमेऱ्यात काही मिळालं नाही म्हणून नाराज होऊन. "काळजी घ्या हं, मावशी," असं प्रत्येकजण म्हणाला. "येत जाऊ," असंही म्हणाले.

पुढच्या रविवारी वहिनींनी वीस जणांचे पोहे भिजवले. सकाळपासून सतरंजी अंथरलेली होती. साडेअकरा वाजले, बारा वाजले. अनुया क्लिनिकमधून धावत येऊन खाऊन गेली. डिम्पल डब्यातून दोन वाट्या घेऊन गेली. संजय पाच मिनिटं उभ्या उभ्या येऊन गेला. बाकी कोणी आलं नाही. कॉरिडॉर स्वच्छ होता, नोटिशीखाली माझ्या एकट्याचे बूट.

"मी म्हटलं होतं ना," वहिनी म्हणाल्या. त्यांनी रडणं आवरलं नाही, आणि मी 'रडू नका' म्हटलं नाही. उरलेल्या पोह्यांपुढे आम्ही दोन म्हातारी माणसं बसलो आणि जेवलो.

गुरुजी आता कॅलगरीला आहेत असं ऐकतो. त्यांना दुसरी माताजी सापडेल, कारण एकटी माणसं सगळ्या गावांत आहेत आणि भोंदूंना त्यांचा पत्ता आपल्या आधी लागतो. म्हणून माझं हात जोडून सांगणं एवढंच. कोणाच्या अंगावर चमत्कार दिसला की नारळ घेऊन पाया पडायला धावू नका. आधी डॉक्टरला बोलवा. मग त्या माणसाच्या स्वयंपाकघरात जा, फ्रीज उघडा, आणि विचारा की काल काय जेवलात, आणि कोणाबरोबर जेवलात.