सहा भागिले अर्धा

बाईंनी उत्तर पूर्ण टाइप केलं आणि बोट ‘पाठवा’वर टेकणार तोच धाकट्या बहिणीने लॅपटॉपचं झाकण अर्धवट खाली ओढलं.

“ताई, आजचा दिवस नाही म्हणाली होतीस.”

“अगं, नाव काढून घेतो म्हणतोय तो.”

शिक्षण मध्येच सुटलेल्या मोठ्या माणसांना बाई गणित शिकवायच्या. वर्ग ऑनलाइन होता. मुलांनी आपसात बोलावं म्हणून त्यांनी चर्चेचं एक पान उघडून दिलं होतं. बाई त्यांना मुलंच म्हणायच्या, सर्वांत थोरला अडुसष्ट वर्षांचा असला तरी. तीन महिन्यांत त्या पानावर चाळीस प्रश्न आले. चाळीसही उत्तरं बाईंची होती, बहुतेक पाच मिनिटांच्या आतली. मुलं एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हती. सुट्टीसाठी आलेल्या बहिणीने काल ते पान वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाली, “ही तर चौकशीची खिडकी झाली. तू दुसऱ्या कुणाला तोंड उघडू देतेस का?” बाईंना ते लागलं. एक दिवस गप्प बसून दाखवते, असं त्या तिरीमिरीत बोलून गेल्या होत्या.

आणि नेमकं आज सकाळी वर्गातल्या बसचालकाने लिहिलं होतं: ‘सहाला अर्ध्याने भागलं तर बारा कसे? भागल्यावर कमी व्हायला हवं ना? रात्रपाळी करून तीनदा वाचलं. माझ्या डोक्यात हे शिरणारं नाही. नाव काढून घ्यावं म्हणतो.’

बाईंनी लिहिलेलं पुसलं. उठून खिडकीचे पडदे सरळ केले, ते आधीच सरळ होते. पुन्हा येऊन बसल्या.

दहा वाजता निवृत्त पोस्टमनने लिहिलं, ‘पुस्तकात छपाईची चूक असेल. तीन पाहिजे.’

“तीन म्हणे!” बाई ताडकन उठल्या. “आता हा चुकीचं शिकेल आणि वर निघूनही जाईल. माझ्यामुळे.”

“तुझ्यामुळे?”

“नाहीतर कुणामुळे? उत्तर माझ्याजवळ आहे ना.”

बहिणीने हातातलं मासिक मिटलं. बाईंनी भांडी घासली, घासलेली पुन्हा विसळली, पुस्तकांचं कपाट उपसलं आणि पुस्तकं जमिनीवर तशीच टाकून परत लॅपटॉपपाशी आल्या. साडेअकरापर्यंत पानावर नवं काही आलं नाही. पावणेबाराला शिवणकाम करणाऱ्या बाईंचं नाव उमटलं. त्यांनी आजवर तिथे ‘धन्यवाद मॅडम’पलीकडे काही लिहिलं नव्हतं.

‘दादा, सहा मीटर कापड घ्या. अर्ध्या अर्ध्या मीटरचे तुकडे कापा. किती झाले? कापड वाढलं नाही, तुकडे वाढले. मी रोज हेच करते, त्याला भागाकार म्हणतात हे मलाही आत्ता कळलं.’

इकडे बाईंनी ते दोनदा वाचलं. वीस वर्षांत त्यांनी हे इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं.

‘कळलं ताई,’ चालकाने लिहिलं. ‘नाव राहू द्या.’

पोस्टमननेही लिहिलं, ‘मी पुस्तकाची माफी मागतो.’ त्याखाली रुग्णालयातल्या सिस्टरने हसरा चेहरा टाकला. बाईसुद्धा हसल्या.

मग शिवणवाल्या बाईंनी लिहिलं, ‘मॅडमनी आज उत्तर दिलं नाही. असं कधी होत नाही. बऱ्या असतील ना?’

‘त्या एकट्याच असतात वाटतं,’ सिस्टरने लिहिलं. ‘कुणी फोन करावा का?’

बाई वाचत राहिल्या. मागून बहीणही वाचत होती. तिने बाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

“आता तरी लिही गं, बिचारी काळजीत पडलीत.”

बाईंनी लिहिलं, ‘मी बरी आहे. वाचतेय.’ पुढे भागाकाराविषयी दोन ओळी आपसूक उतरल्या होत्या, त्या पुसल्या आणि मगच पाठवलं.

चालकाचं उत्तर लगेच आलं. ‘बरं वाटलं मॅडम. तुम्ही निवांत बसा. सातवं गणित आम्ही मिळून करतोय.’

बाईंनी खुर्ची मागे सरकवली. दुपार नुकती सुरू झाली होती. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले.

“निवांत बसा म्हणतायत,” त्या बहिणीला म्हणाल्या. “ते कसं करतात गं?”